शिंपीणबाई आणि सात टेप

मंगळवार, ३ जून

प्लास्टर अजून महिनाभर! डॉक्टर हाडाचा फोटो बघून असा खूश झाला, जसा काही पाय त्याचाच आहे. तोवर ही खोली, ही खाट, ही खिडकी. खिडकीतून समोरची भिंत दिसते. तिच्यावरचा तडा मला आता तोंडपाठ आहे.

पण आज मला काम मिळालं. नातीने दिलं. तिची परीक्षा आहे एकवीस तारखेला. कॉम्प्युटरमधल्या माहितीची आणखी एक प्रत काढून ती जपून कशी ठेवायची, याची. बॅकअप म्हणतात त्याला. पोरगी ऑफिसच्या तळघरात चार वर्षं हेच करतेय. थंडगार खोली, खिडकी नावाला नाही, दिवसभर माहिती साठवायच्या टेप बदलायच्या आणि त्यांच्यावर तारखा चिकटवायच्या. बाहेर ऊन आहे की आभाळ आलंय, ते जेवायच्या सुट्टीत कळतं. साहेब म्हणालाय, सर्टिफिकेट आण, वरच्या मजल्यावर घेतो.

तिने माझ्यासाठी मोठ्या अक्षरात चिठ्ठ्या केल्यात. पुढे प्रश्न, मागे उत्तर. मी विचारायचं, तिने सांगायचं. चौथी नापास बाई मास्तरीण झाली!

शुक्रवार, ६ जून

आज शिकले – बॅकअप घेतला, पण ठेवलेलं परत आणून कधी बघितलंच नाही, तर तो बॅकअपच नव्हे. माझी जाऊ वस्तू इतक्या जपून ठेवते की तिच्या तिलाच सापडत नाहीत. तिला कळवायला हवं.

मंगळवार, १० जून

फुलपात्र कलंडलं. दोन चिठ्ठ्या भिजल्या, शाई पसरली. सुनेने त्या स्वयंपाकघरात खिडकीपाशी वाळत टाकल्या. मी म्हटलं, नातीला कशाला त्रास, मीच नव्या करते. अख्खी दुपार गेली. अक्षर गोगलगायीसारखं, पण माझं आहे!

त्यातल्या दोन नावांत नात नेहमी अडखळायची – इन्क्रिमेंटल आणि डिफरेन्शियल. एकात काल घेतलेल्या प्रतीनंतर जे बदललं तेवढंच घ्यायचं. दुसऱ्यात रविवारी पूर्ण प्रत घेतली की तिथपासूनचं सगळं, रोज नव्याने. मी तिला सोपं करून दिलं. आमची शेजारीण गप्पांना आली की फक्त आजचं सांगते आणि जाते. गल्लीतली शिंपीणबाई मात्र रोज रविवारपासून सुरू करते, बुधवारपर्यंत यायला तिला तासभर लागतो. तर इन्क्रिमेंटल म्हणजे शिंपीणबाई, घोक! नातीने डोळे मिटूनच घोकलं. दमलेली असते बिचारी.

रविवार, १५ जून

जेवताना तिचा बाप म्हणाला, पक्की नोकरी आहे, तळघर काय आणि गच्ची काय. सूनही त्याच्याच बाजूने. नात ताटाकडे बघत राहिली. मी तिला विचारलं, खूप कोंडल्यासारखं होतं का गं? म्हणाली, "आजी, मी सुट्टीच्या दिवशीसुद्धा स्वेटर शोधते."

 

शनिवार, २१ जून



परीक्षा घरूनच. कॅमेऱ्यातून एक बाई बघत बसते. खोलीत दुसरं कुणी नको, बाहेरून कुणाचा आवाज आला तरी परीक्षा रद्द. घरात दार लागणारी खोली एकच, ती माझी! मुलाने मला उचलून स्वयंपाकघरातल्या खुर्चीत ठेवलं आणि तो नि सून कामावर गेले. नातीने त्या बाईला आधी सगळी खोली दाखवली, खाटेखालचंसुद्धा. खाटेखालून माझे काय काय उद्योग निघाले ते इथे लिहीत नाही. मग दार बंद.

मी बसले. करणार काय? समोर त्या वाळलेल्या चिठ्ठ्या. एकेक अक्षर लावत वाचलं. पुसट होतं, पण कळत होतं.  मी नव्या चिठ्ठ्यांची उत्तरं अदलाबदल करून लिहिली होती! शिंपीणबाई डिफरेन्शियल! शेजारीण इन्क्रिमेंटल! पोरीला अकरा दिवस उलटं घोकवलं मी!

दार पाच पावलांवर. उठता येत नाही. हाक मारली तर परीक्षाच जाणार. पदराचा बोळा तोंडाशी धरून बसले. दोन तास. घड्याळाचा काटा माझ्याकडे बघून थांबल्यासारखा वाटत होता.

दार उघडलं. मी तिला बोलूच दिलं नाही, आधी चिठ्ठ्या पुढे केल्या. तिने वाचल्या आणि जमिनीवर बसून हसायला लागली. निकाल तिथल्या तिथेच दिसला, पास झाली होती!

तो प्रश्न आलाच होता म्हणे. शिंपीणबाईचं उत्तर निवडलंही होतं. मग तिला गेल्या महिन्यातलं आठवलं – कुणाची तरी फाईल उडाली, ती परत आणायला तिने सात टेप एकामागून एक लावल्या होत्या. त्यांच्याकडे इन्क्रिमेंटल चालतं. रोज रविवारपासूनचं सगळं घेतलं असतं, तर दोनच टेप पुरल्या असत्या. तिने उत्तर बदललं.

मी शिकवलेलं पोरीने हातांनी खोडलं. इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

सोमवार, २३ जून

साहेबाने सर्टिफिकेट बघितलं, सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. म्हणाला, आता तळघर तुझ्याशिवाय कुणाच्या हाती देऊ? हुद्दा वाढवला. टेबल मोठं दिलं. खालीच.

बापाने फोन करकरून सगळ्या नातेवाइकांना कळवलं. ती हसत होती सगळ्यांशी. मला ते हसू आवडलं नाही.

मंगळवार, २४ जून

नातीने आज राजीनामा दिला. घरात फक्त मला माहीत आहे. उद्या सकाळी चहाच्या वेळी आईबापाला सांगणार आहे. म्हणाली, "आजी, तेव्हा तू उठून जाऊ नकोस."

मी म्हटलं, अगं, जाता कुठे येतंय मला.