दोनदा नाही म्हणणारं गाव

बोरी अरब,
रविवार, दुपार

ती. निशिगंधाताईले,

नयनचा शिरसाष्टांग नमस्कार. (नुसता लिहून राह्यलो, घातला नाही, मांडीवर लॅपटॉप आहे.) तुही तब्येत, भाऊजींचं पोट आन खुशीचे दात, सगळं जागच्या जागी असंन असं धरून चालतो. इकडे तुह्या आईचा, आमच्या मोठीआईचा, गुडघा होता तसाच आहे, म्हणजे लग्नाले जायचं असलं की दुखत नाही आन मंदिराच्या पायऱ्या दिसल्या की दुखते. मोठेबाबा खुशाल. माहं म्हणशील तर वजन दोन किलोनं उतरलं आन त्याले जबाबदार तुहे मायबाप. हे फोनवर सांगतलं असतं, पण फोनवर तू "हं, हं" करत दुसरंच काम करत राह्यतं, आन व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं लांबलचक धाडलं तर अंगठा दाखवून मोकळी होशील. म्हणून कागद. नीट वाच, शेवटपर्यंत वाच.

तुले मालूम आहे, पुण्याची कंपनी मी सोडली. (घरी असंच सांगतलं आहे, तू पण असंच सांग.) तेव्हापासून घरी बसून मोबाइलची अ‍ॅपं बनवून राह्यलो. आता मोठेबाबाईचा जो शेतकरी गट आहे, त्याच्यासाठी मी रानडुकराचं अ‍ॅप बनवलं. डुकरानं सोयाबीन लोळवलं की तिथंच उभं राहून फोटो काढाचा, त्यावर जागा आन तारीख आपोआप येते, म्हणजे भरपाई मांगाले गेल्यावर "हे कोणाचं वावर, कधीचं नुकसान" असं कोणी ऐकवू नये. माह्या बाबाईनं मले आधीच बजावून ठेवलं होतं: शनिवारच्या सभेत गटानं अ‍ॅप घेतलं तर बस घरी टिकटिक करत, नाही घेतलं तर मंगळवारपासून किसनसिंगच्या कृषी केंद्रात काउंटरवर. किसनसिंग माणूस देवासारखा, पण त्याच्या दुकानात औषधाच्या वासानं मले दिवसभर शिंका येतात, आन शिंकणाऱ्या माणसाकडून फवारणीचं औषध कोण घेईन, तूच सांग. (सभेचं मागून सांगतो.)

आता हे अ‍ॅप एकदाच लिहाचं आन अँड्रॉइडवर पण चालते, आयफोनवर पण चालते, असं म्हणतात. म्हणणाऱ्याच्या बापाचं काय जाते. बाकी सगळं एका चुलीवर शिजते, पण परवानग्यांची वेळ आली की दोघाईचं बिऱ्हाड वेगळं. अँड्रॉइडले एका फायलीत यादी द्या लागते, की बावा मले कॅमेरा पायजे, लोकेशन पायजे. आयफोनचं यादीवर भागत नाही. कायले पायजे ते एकेकाचं कारण लिहून द्या लागते, आन ते कारण तो फोनवाल्याले वाचून दाखवते. कारण नसलं तर भांडण नाही, तंटा नाही, अ‍ॅप चूपचाप बंद पडते. आपल्या आळीत आयफोन एकच, शेजारच्या बंटीचा. बंटीनं कॅमेऱ्यावर बोट ठेवलं की अ‍ॅप गायब. तीनदा झालं. तो गावभर सांगत फिरला की नयनच्या डुकरानं माहा फोन खाल्ला. मग मी घाईघाईनं जुन्या कंपनीच्या, घरोघरी जेवण पोचवायच्या अ‍ॅपमधून कारणाची फाईल उचलली आन चिटकवून देली. (एवढा बह्याडपणा तुह्या हाताखाली कोडिंग शिकलेल्या माणसानं करावा, मले मान्य आहे.) दुसऱ्या दिवशी बंटीच्या फोनवर पाटी आली: तुमचं गरमागरम जेवण तुमच्यापर्यंत पोचवण्यासाठी आम्हाला तुमचं ठिकाण हवं आहे. बंटीच्या बापानं चष्मा लावून दोनदा वाचलं आन शांतपणे विचारलं, की डब्बा आपल्याले येईन का डुकराले. त्याच जुन्या कचऱ्यातून फोनमधले नंबर आन माईकची मागणी पण आली होती. मोठेबाबा म्हणाले, डुकराचा फोटो काढाले माह्या व्याह्याचा नंबर कायले? दोन्ही काढून टाकलं.

पण खरा तमाशा मंगळवारी झाला. मोठेबाबाईच्या ओसरीवर गटाचे अठरा जण बोलावले, सगळ्याईचे अँड्रॉइड, सगळ्याईच्या फोनात अ‍ॅप टाकलं. पाटी आली, कॅमेऱ्याची परवानगी द्यायची का? अठराही जणाईनं नाहीवर बोट ठेवलं. मी म्हटलं चुकून झालं असंन, परत दाबा. परत अठरा वेळा नाही. तिसऱ्यांदा पाटीच आली नाही. लोक फोनाकडं पाहून राह्यले, मी लोकाईकडं. मले दिवसाढवळ्या किसनसिंगचं काउंटर दिसाले लागलं. शेवटी मोठेबाबाईले विचारलं, तुम्ही अध्यक्ष आहा, तुम्ही काहून हाव नाही दाबलं? त्याईनं मिशीवरून हात फिरवला.

"पहिल्याच बोलावण्याले हाव म्हणाले मी काय उपाशी आहो काय?"

ताई, माह्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. आपल्याकडं पाहुणा चहाले पहिल्यांदा नको म्हणते, दुसऱ्यांदा आत्ताच घेऊन आलो म्हणते आन तिसऱ्यांदा बशी पुढं करते. फोनाले हे कोण सांगन? अँड्रॉइड दोन नकार ऐकते आन मग जन्मात विचारत नाही. आयफोन तर एकाच नकारावर तोंड फिरवते. अशाच्या घरी बोरीचा माणूस आठ दिवस राह्यला तर उपाशी राहून नववा दिवस त्याचा नसंन. मग मी अठरा जणाईच्या फोनाच्या सेटिंगमधी जाऊन एकेकाची परवानगी हातानं चालू केली. कोणाच्या काचेले तडे, कोणाच्या काचेवर तंबाखूचा चुना, आन एकाचा फोन दर दोन मिनिटाले बोलून सांगे की बॅटरी कमी आहे. दोन किलो तिथं उतरले.

उपाय तुह्या आईनं काढला, हे तुले आवडन. मोठीआई चहाचा ट्रे घेऊन हा सगळा प्रकार पाहून राह्यली होती. मले म्हणे, मेल्या, पाहुण्याले चहा तिऱ्हाइताच्या तोंडून विचारते का कोणी? पहिले घरच्यानं विचारा लागते. तिले मोबाइलमधलं फोन उचलणं आन ठेवणं याच्यापलीकडं काही कळत नाही, पण बोलली लाखातलं. (मोठमोठ्या कंपन्या पण हेच करतात, हे मी मागून वाचलं.) फोनाच्या पाटीच्या आधी मी माही स्वतःची पाटी लावली, तिच्यावर किती पण नाही म्हणा, फोन ते मोजत नाही. पहिली: काका, डुकराचा फोटो काढाले कॅमेरा लागते, द्या ना. नाही दाबलं तर दुसरी: असं कसं, आमचा एवढा मान ठेवा. परत नाही, तर तिसरी: बरं, तुमची मर्जी, पण एकदा पहा. त्याच्यावर हाव म्हटलं तरच फोनाची खरी पाटी येते. तिसऱ्यालेही नाही म्हटलं तर आपण चूप, तो नकार खरा. बुधवारी जुनं अ‍ॅप काढून हे नव्यानं टाकलं, आन सगळ्याईनं समाधानानं दोनदा नाही म्हटलं आन तिसऱ्यांदा हाव. लोकेशनले मात्र मोठेबाबा तिन्ही वेळा नाही म्हणाले. वावरात जातो सांगून ते पत्ते खेळाले कुठं जातात, हे फोनाले कळाले नको. (मोठीआईले सांगू नको.) अ‍ॅप उघडं असलं तेव्हाच जागा दिसते, बाकी वेळ नाही, असं करून देलं, तेव्हा मानले.

एकूण काय, माहं झाक चालून राह्यलं. काम होते, मान मिळते, कोणाची गरज नाही. भाऊजींले नमस्कार, खुशीले पापा.

तुहा,
नयन

ता. क. सभेचं राह्यलंच. काल झाली. मोठेबाबा उठून म्हणाले, पोट्ट्यानं काम चांगलं केलं, पण यंदा राहू दे, पुढच्या हंगामात पाहू. मी बरं म्हटलं, लॅपटॉप उचलला आन घरी आलो. मागून मोठीआईनं गाठलं. एवढंच विचारलं, "तू एकदाच विचारलं?" ताई, अठरा जणाईले तीन-तीनदा विनवणारी पाटी मी लिहिली आन माह्यासाठी मले दुसऱ्यांदा तोंड उघडता आलं नाही. मोठेबाबाईचं ते नाही कितवं होतं, आता कोणाले माहीत. बाबा सकाळीच किसनसिंगकडं बोलून आले. परवापासून जातो. लय वाईट वाटून राह्यलं, हे तुलेच लिहून राह्यलो.

ता. क. २. गेल्या दिवाळीत तू म्हटलं होतं, नागपूरले ये, माह्यासंग काम कर. मी नको म्हटलं. संक्रांतीले तू परत फोन केला, मी म्हटलं इकडं लय कामं आहेत. काही कामं नव्हती. त्याच्यानंतर तू विचारलंच नाही. नागपुरात राहून तू अँड्रॉइड झाली काय? आणखी एकदा विचार ना. मले यायचं आहे.

ता. क. ३. फोन केला तर आधी मी एकटा आहो का ते विचार. मोठीआई जवळ असली तर तिच्यासमोर मले पहिल्यांदा नाहीच म्हणा लागन. ते मोजू नको.