चौदावं पाकीट

८ जुलै १९६३
धनुर्वाताच्या अभ्यासाची पाकिटं आली. साठ. प्रत्येकावर आकडा, तोंड लाखेनं बंद. आत चिठ्ठी – मोठा डोस, नाहीतर लहान. डॉक्टर मुळावकरांनी कपाटाची किल्ली माझ्याकडे दिली. रोगी आला, नाव लिहिलं, की पुढच्या आकड्याचं पाकीट फोडायचं. चिठ्ठी सांगेल तेवढं सिरम. मोठा माणूस असो की आठ दिवसांचं मूल.

मी विचारलं, मोठ्या डोसानं जास्त वाचत असतील तर तो सगळ्यांनाच का नाही द्यायचा? म्हणाले, "वाचतात असं आपण धरून चाललोय, सिस्टर. मोजून कोणी पाहिलेलं नाही. मोठा डोस अंगावर उलटून गेलेलेही मी पाहिलेत."

पटलं. निदान पटल्यासारखं वाटलं.

१९ ऑगस्ट
अकरावं पाकीट. गोविंदा नावाचा माणूस, पांढरकवड्याकडचा. शेतात डवरताना पायात धसकट गेलं होतं, आठ दिवसांपूर्वी. जबडा मिटलेला. पाठ अशी वाकते की खाट करकरते. चिठ्ठी – लहान.

२२ ऑगस्ट
गोविंदा गेला. त्याची बायको भागीरथा व्हरांड्यात माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "बाई, दवाई कमी तं नाई ना पडली?"

काय सांगू? खरं तेच सांगितलं. चिठ्ठीत निघतं तेच देतो. इथे कोणाचा वशिला नाही, कोणी जवळचं नाही, कोणी दूरचं नाही.

"सगळ्यायले तसंच?"

"सगळ्यांना."

मान हलवली आणि गेली. तिनं विश्वास ठेवला – तेच जड झालं.

२८ ऑगस्ट
बाभुळगावहून कार्ड. जयाला मुलगा! चोवीस तारखेला. पहिलटकरीण, पण सुखरूप सुटली. माझी धाकटी बहीण आई झाली – मला अजून तिच्या दोन वेण्याच दिसतात.

१ सप्टेंबर
जया आली. बळीरामची – तिच्या नवऱ्याची – मान खाली. पोर कालपासून अंगावर पीत नाही म्हणे. मी बोट त्याच्या तोंडात घातलं. हिरड्या घट्ट. ओठांचा चंबू. मुठी वळलेल्या. डॉक्टर यायच्या आधीच मला कळलं होतं.

नाळ विळ्यानं कापली. वर शेणाची राख. मी इथे परिचारिका, आणि माझ्या बहिणीच्या घरी विळा!

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "तुमच्या बहिणीचं मूल आहे. तुम्ही म्हणाल तर याला अभ्यासात धरत नाही. मोठा डोस देऊन मोकळे होऊ."

किल्ली माझ्या हातात होती. भागीरथा डोळ्यांसमोर होती. मी म्हटलं, "नको. सगळ्यांसारखंच."

त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं.

चौदावं पाकीट. फोडलं.

लहान.

२ सप्टेंबर
खोलीत अंधार केलाय. दाराच्या कडीला चिंधी गुंडाळली. चमचा वाजला तरी पोर ताठ होतं, निळं पडतं. जया वाटीत दूध पिळून देते, मी नाकातल्या नळीतून सोडते. थेंब थेंब. ती मला विचारते, "ताई, चांगली दवाई देल्ली ना?" मी हो म्हणते. खोटं नाही. पण खरंही नाही.

३ सप्टेंबर
सकाळपासून झटके कमी! दुपारपर्यंत फक्त चार. जया भिंतीला टेकून झोपली. मी देव मानत नाही आता, आमच्या घरात कोणीच मानत नाही. पण कोणाला तरी काहीतरी म्हटलं मनात.

४ सप्टेंबर
गेला. दुपारी पावणेतीनला. बारसं उद्या होतं. नाव नाही, म्हणून रजिस्टरात लिहिलं – जयाचा मुलगा. माझ्याच हातानं.

१५ सप्टेंबर
बाभुळगावला जाऊन आले. जायला नको होतं.

पोर गेलं त्या दिवशी बळीरामचं सांत्वन करताना डॉक्टर बोलून गेले होते – तुमच्या मेव्हणीसारखी माणसं विरळा, मी सूट देत होतो, त्यांनी घेतली नाही. डॉक्टरांनी कौतुक म्हणून सांगितलं. बळीरामनं ते घरी नेलं.

जयानं पाणी दिलं. समोर बसली. "डॉक्टर मोठी सुई देतो म्हणे. तू नाई म्हटलं?"

"हो."

"काहून?"

सगळं सांगितलं. गोविंदाचं, भागीरथाचं, मी तिला दिलेल्या शब्दाचं. जयानं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते भागीरथा कोण वं आपली?"

आत गेली. दार लावलं. बळीराम मला एस.टी.पर्यंत सोडायला आला. गाडी सुटताना म्हणाला, पुन्हा लवकर येऊ नका.

२० नोव्हेंबर
सव्विसावं पाकीट. एक म्हातारी, मोठा डोस. फोडताना चौदावं आठवलंही नाही. याचीच भीती वाटली.

९ जानेवारी १९६४
जयाला तिसरं पत्र. उत्तर नाही.

१८ मार्च १९६५
साठही पाकिटं संपली. डॉक्टरांनी कागद माझ्यापुढे ठेवला. मोठ्या डोसाचे तीस, त्यातले सतरा गेले. लहान डोसाचे तीस, त्यातले सोळा. "फरक नाही, सिस्टर," म्हणाले. मला खुर्चीवर बसवलं, पाणी मागवलं. मी किती वेळ रडले ठाऊक नाही.

१९ मार्च
सकाळच्या गाडीनं बाभुळगाव. दीड वर्षानं. जयानं दार उघडलं. मी उंबऱ्यातच सगळं सांगितलं – मोठा दिला असता तरी तेच झालं असतं, आता मोजून पाहिलंय. ती ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली –

"पण तवा तुले हे कुठं ठाऊक होतं, ताई?"