पाणी जिथल्या तिथे

४ ऑगस्ट, सकाळ
लग्नानंतर आम्ही दोघं नदीच्या पायरीवर एकाच कपातून चहा प्यायचो. दुसरा फुटला होता, नवा आणायचं कुणालाच सुचलं नाही. पाण्यात उभ्या केलेल्या पट्टीवरचा आकडा हे वाचायचे, मी लिहायचे. हे गेल्यावर पाटबंधारे ऑफिसने काम माझ्याकडेच ठेवलं. ठरवलंय, रोज खाली उतरून जवळून रीडिंग घ्यायचं. उद्यापासून. आज गुडघा धरलाय. खिडकीतून दुर्बीण पुरे. दोन मीटर चाळीस.

५ ऑगस्ट
लेकीचा फोन. एकटीने नदीकाठी राहू नये म्हणे. शेवटी ठरलं, घरात पाणी शिरलं तर मुकाट्याने तिच्याकडे जायचं. लगेच हो म्हटलं. पाणी मोजणारीच्या घरात पाणी शिरेल होय? दोन चाळीस.

९ ऑगस्ट
रात्रभर पाऊस. दोन चाळीस. नदीला वळण लागलंय. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर म्हणायच्याच, एकाची शिस्त दुसऱ्याला लागते. शेजारच्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, त्यांची धुण्याची पायरी बुडाली. खचली असेल. भावजींनी सिमेंट हात राखूनच वापरलं होतं.

११ ऑगस्ट
ऑफिसातल्या इंजिनियरचा फोन. वर सगळीकडे पाणी चढलंय, तुमच्याकडेच कसं नाही, जवळ जाऊन बघता का? म्हटलं, रोज बघते. खोटं नाही, दुर्बिणीतून जवळच दिसतं. गुडघ्याला तेल लावलं. उद्या नक्की.

१२ ऑगस्ट
चिखल फार. जाऊबाई सामान माडीवर चढवतायत. एकेकीची हौस. दोन चाळीस.

१३ ऑगस्ट, दुपार
स्वयंपाकघरात पाणी. वाटलं, नळ उघडा राहिला. जाऊबाईंनी पदर खोचून मला हाताला धरून त्यांच्या माडीवर नेलं. तिथून दुर्बीण लावली. दोन चाळीस.

संध्याकाळी इंजिनियर होडीतून आला. पट्टीचे खिळे केव्हाच निघालेत म्हणाला. लाकडी फळी लोखंडी खाचेत मोकळी होती, पाण्याबरोबर तीही तरंगत वर येत होती. म्हणजे वाचण्यात माझी चूक नव्हती. जाऊबाईंना ते पटलं नाही.
"अगं, पट्टी पोहायला लागली, तरी तू काही पायऱ्या उतरली नाहीस."

१५ ऑगस्ट
लेक गाडी घेऊन आलीय. चार दिवसांसाठीच जातेय. जाऊबाईंना सगळं सांगून ठेवलं. शिलाई मशीन त्यांनी घ्यावं, तेल घालत राहावं. ह्यांचा रेनकोट इंजिनियरला. बिचारा भिजून आला होता. भिंतीवरचं घड्याळ ऑफिसला, तिथे वेळेवर कुणी येत नाही. मांजराला विचारावं, ते म्हणेल तिथे. घराची किल्लीही जाऊबाईंकडेच. चार दिवसांसाठी कोण सांभाळत बसणार.