मुक्कामाच्या गावाची शिफारस

३ जून

आले एकदाची! बॅग अजून धड उघडलेली नाही, पण आधी हे लिहून टाकते.

नोकरी चक्क व्हिडिओ गेम खेळायची. तेही भूमिका घेऊन खेळायचे गेम, म्हणजे आपण एखादं पात्र व्हायचं, त्याचं कामधाम अंगावर घ्यायचं आणि गोष्टीतून आपल्या पायांनी चालायचं. मोठ्या कंपन्यांचे गेम आमच्या साइटवर घ्यायचेच नाहीत असा इथला नियम. त्यांचा डंका वाजवायला अख्खं जग बसलंय. दोघातिघांनी स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून बनवलेले गेम आम्ही हुडकायचे आणि वाचकांना सांगायचं, बाबांनो, हे खेळा.

ऑफिस म्हणजे वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. मागची तिसरी मला राहायला. खाली नळदुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे दिवसभर पाइपांचा खणखणाट. संपादक गृहस्थ बरे वाटले. स्वेटरची कोपरं उसवलेली, चहात बिस्किट बुडवून विसरतात आणि मग चमच्याने गाळ काढत बसतात. माझ्या आधीच्या बाई काही न सांगता सोडून गेल्या म्हणे. त्यांची हिरवी शाल अजून खुर्चीच्या पाठीवर आहे. फार बोलक्या होत्या, असं संपादक म्हणाले.

दादाला फोन केला. दिवसभर खेळतेस आणि वर त्याला नोकरी म्हणतेस, म्हणून त्याने यथेच्छ चिडवलं. वहिनीने मागून ओरडून विचारलं, चिंगी जेवली का.

९ जून

पहिली शिफारस छापून आली. दोघी बहिणींनी बनवलेला दीपगृहाचा गेम. त्यात आपण रखवालदार. वादळात कुठल्या जहाजाला वाट दाखवायची हे ठरवायचं, आणि नंतर त्या खलाशांची पत्रं येतात. मी तर एक पत्र वाचून रडले. दुसरा गेम एका निवृत्त मास्तरांचा. भूत होऊन आपल्याच जुन्या शाळेत हजेरी घ्यायची. ग्राफिक्स अगदी ओबडधोबड, पण हसून हसून पोट दुखलं.

वाचक गोड आहेत. एकजण प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘नाद नाही करायचा’ असं लिहितो. त्याचं नाव आम्ही नादखुळा ठेवलंय. दादाही सगळं वाचतो आणि शुद्धलेखनाच्या चुका काढतो.

१६ जून

आज एक हिरा सापडला. ‘मुक्कामाचं गाव’. स्टुडिओचं नाव कुणी ऐकलेलं नाही, पत्ता नाही, फोन नाही.

नदीकाठचं छोटं गाव. ना लढाई, ना राक्षस. वेशीवर विचारतात, इथे काय काम कराल? सुतार, सुईण, शिंपी, हवं ते निवडा. किंवा नुसतं पाहुणं म्हणून या. मला फक्त परीक्षण लिहायचं होतं, म्हणून मी पाहुणी झाले. गावातली माणसं इतकी खरी! सुतार बोलताना मधेच शिंकला आणि ओशाळला. शिंपिणीने सुईत दोरा ओवून मागितला, तिला दिसत नव्हतं. चौकात दवंडी पिटणारी एक बाई उभी असते. तिचा घसा पार बसलाय. मी जवळ गेले तर तिने तोंडावर हात ठेवला आणि मान हलवत राहिली. असलं बारीक काम मोठ्या कंपन्यांना सुचणारही नाही.

मनापासून लिहिलं. शेवटचं वाक्य असं: ज्यांना माणसं आवडतात त्यांनी या गावात राहायलाच जावं.

२२ जून

तुफान प्रतिसाद! संपादकांनी आज बिस्किट बुडू दिलं नाही, इतके खुशीत.

मीही पुन्हा गावात चक्कर मारली. गाव वाढलंय. नदीकडे नवी आळी झाली आहे, भिंतींना ओला चुना. एक नवा चांभार भेटला. जोडा शिवता शिवता म्हणाला, एकदम मजबूत शिवतो बघा, नाद नाही करायचा.

मी मोठ्याने हसले. वाचकांच्या प्रतिक्रिया वाचून पात्रं घडवतात वाटतं. हुशार आहेत लेकाचे.

२५ जून

एका बाईंचा ऑफिसात फोन आला. त्यांचा मुलगा सापडत नाहीये. खोलीला आतून कडी होती, दार फोडावं लागलं. कॉम्प्युटर चालू, खुर्ची रिकामी. तुमच्या साइटवर तो नेहमी लिहायचा, काही ठाऊक आहे का, असं विचारत होत्या. काय लिहायचा, मी विचारलं. त्यांनी सांगितलं. प्रत्येक वाक्याच्या शेवटी.

आमचा नादखुळा.

लगेच गेम उघडला. चांभाराला विचारलं, तुझी आई कुठे असते? हातातली आरी थांबली. मग म्हणाला, जोडा शिवायचाय का, ताई?

चौकात गेले. या वेळी नीट बघितलं. दवंडीवाल्या बाईच्या खांद्यावर हिरवी शाल होती. तीच, जी इथे माझ्या खुर्चीवर असते. मी ती आत्ता हातात धरून बसले आहे.

२६ जून

संपादकांना सगळं सांगितलं. पोरगं खिडकीतून कुठेतरी पळालं असेल, म्हणाले. शिफारस काढून टाका म्हटलं, तर चमचा ठेवून चिडले. पहिल्यांदा कुणीतरी आपली साइट वाचतंय आणि तू ही शिफारस काढायला सांगतेस?

ते जेवायला गेले तेव्हा मीच मजकूर बदलला. ठळक अक्षरांत लिहिलं. हा गेम खेळू नका. कुणाच्या घरी असेल तर पुसून टाका. काम तर चुकूनही निवडू नका. पाहुणे परत येतात, काम घेतलेले येत नाहीत.

२८ जून

माझं डोकं ठिकाणावर नव्हतं का? खेळू नका म्हटल्यावर कोण थांबतं? एवढी गर्दी आधी कधीच नव्हती. गावात आळ्यांवर आळ्या. सगळे कामात. कुणी मान वर करत नाही.

वाचकांच्या प्रतिक्रिया मात्र बंद. एकही नाही.

२९ जून

वहिनीचा फोन. रडत होती. दादा—

दुपारी चहा घेऊन खोलीत गेली तर खुर्ची रिकामी. सकाळी तिला म्हणाला होता, चिंगीने काहीतरी भलतंच लिहिलंय, पोर कशाला एवढी घाबरली ते बघतो जरा.

माझ्यासाठी. माझ्यासाठी गेला तो.

वहिनीला सांगितलं, कॉम्प्युटरला हात लावू नकोस, त्या खोलीत जाऊच नकोस. का, ते मात्र सांगता आलं नाही. तिला वाटलं मी वेडी झाले.

नंतर

सापडला. नावाडी झालाय. हाका मारल्या, वळला नाही. नाव पलीकडच्या काठाला लागते, तो उतरतो, आणि तो काठ म्हणजे हाच काठ असतो. तेच झाड, तोच दगड. पुन्हा वल्हं उचलतो. हाताला फोड आलेत त्याच्या.

चिंगी, असं मी माझं नाव ओरडले. तेव्हा थांबला. म्हणाला, पाहुण्यांना नावेत घेता येत नाही.

३० जून

पोलिसांना फोन केला. हसले नाहीत, पण लिहूनही घेतलं नाही. संपादक आज आलेच नाहीत. त्यांच्या घरचा फोन नुसता वाजतो.

काम घ्यायचं. दुसरा मार्ग नाही. आत जाऊन त्याला हाताला धरून वेशीतून बाहेर काढीन. वेस उघडीच असते, मी रोज बघते.

वहिनी, मी त्याला आणते.

वेशीवर विचारलं, काय काम कराल? या वेळी सुतार नाही, सुईण नाही. एकच काम शिल्लक होतं.

तारीख नाही

वही बरोबर आली. पेनही. बाकी काही नाही.

ढोल माझ्या गळ्यात. शालवाली बाई चौकाच्या पायरीवर टेकली आहे, कितीतरी वर्षांनी बसायला मिळाल्यासारखी. तिने माझे पाय धरले. माफ कर, म्हणाली. तेवढंच.

वेस उघडी आहे. तिच्यातून चालत गेलं की चौकच लागतो.

तारीख नाही

दादाला भेटले. हाताला धरून ओढलं. आला, मुकाट. वेशीपर्यंत आला. मग चौक. मग परत नदीकडे गेला. माझ्याकडे बघून म्हणाला, घसा जप.

दवंडी आपोआप निघते. मी तोंड दाबते, तरी निघते. त्या बाईची शाल तोंडात कोंबली—

शब्द माझेच आहेत. ज्यांना माणसं आवडतात त्यांनी—

तारीख नाही

वेशीबाहेर आता उजेड दिसतो. चौकोनी. कधी कधी त्यात चेहरे. वाकून बघणारे. त्यांना माझा आवाज ऐकू येतो. थबकतात.

आज वहिनी आहे. डोळे सुजलेले. दादाच्या खुर्चीत. तिला नदीवर दादा दिसलाय. त्याचं नाव घेतेय—

हात लावू नकोस. वहिनी, ऐक. मी ओरडतेय पण ओठांतून दुसरंच—

म्हणून लिहिते. लिहिणं अजून माझं आहे. वही तिच्याकडे उंच धरते, ती वाचेल. मोठ्या अक्षरांत. वहिनी, उठ, खुर्चीतून उठ, इथे

इथे फार छान आहे वहिनी, दादाही आहे, तू पण ये—

नाही. हे मी नाही लिहि