दुकान, भट्टी आणि धूळ

महाल, नागपूर
२ डिसेंबर १९७४

मार्चपासून या वहीला तोंड दाखवले नाही, त्याबद्दल माफी असावी. आणि आलो तो मृत्युपत्र घेऊनच.

मी, रविंद्र गोपाळराव धकाते, बी.एस्सी., वय सेहेचाळीस, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहितो. आजार म्हणावा तर हर्निया; शस्त्रक्रिया गुरुवारी. डॉक्टर किरकोळ म्हणतात. किरकोळ गोष्टीतच माणूस गाफील राहतो, म्हणून ही तजवीज.

१. राहते घर व पोस्टातली शिल्लक पत्नी तारा हिला. यात वाद नाही.

२. विमानांच्या आणि गिरण्यांच्या भंगारातले स्विच फोडून त्यांच्या टोकांची चांदी गाळण्याचे माझे दुकान, म्हणजे भट्टी, मुशी, तेजाबाच्या बरण्या व तराजू, धाकटा भाऊ बाबनराव याला द्यायचे, असे दिवाळीपर्यंत ठरले होते. तो घरातला पुरुष म्हणून. याहून चांगले कारण शोधूनही सापडले नाही.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी बाबनने मोठ्या प्रेमाने फड्याने दुकान झाडले आणि वर्षभराची धूळ उकिरड्यावर ओतली. आमच्या धंद्यात धूळ टाकत नाहीत. उडालेली, सांडलेली चांदी तिच्यातच असते. सराफांच्या दारची धूळसुद्धा झारेकरी विकत घेऊन धुतात. मी ओरडलो, तर म्हणतो, "लक्ष्मी येनार हाये दादा, कचरा ठेवू काय घरात?"

तारा घमेले घेऊन धावली. "येनारीचं मंग पाहू जी भाऊजी, आधी गेलेलीले आनते!"

तिने धूळ धुतली, गाळ वाळवला, सवागी, म्हणजे टाकणखार, घालून मुशीत वितळवला. मला हात लावू दिला नाही. त्या चांदीची तिने जोडवी केली; ती तिच्या कमाईची, माझ्या मालमत्तेत धरू नयेत.

सबब दुकान ताराला. हे मी रागाने तर करीत नाही ना, असे स्वतःला पुन्हा पुन्हा विचारले. थोडा राग आहे. तो वजा केला तरी निर्णय तोच येतो.

३. बाबनला माझी सायकल व हातघड्याळ. फडा नाही.

४. सोन्याचा मुलामा असलेल्या विमानी पिनांचा डबा फळीवर आहे. सोने गाळण्याचा परवाना माझ्याजवळ नाही. तो मिळेपर्यंत ताराने डबा उघडू नये.

एवढे तिला वाचून दाखवले. भाकर थापता थापता ती म्हणाली, "मेल्यावर कायले देता जी? जित्तेपनी चाबी द्या ना. तुमी दवाखान्यात असान, तवा भट्टी काय उपाशी राहीन?"

 भट्टीच्या भुकेवर कायद्यात कलम नसावे.

सही: र. गो. धकाते

आमच्यासमोर यांनी हसत सही केली. शुद्धीत होते, याची खात्री आहे.
गुलाबचंद डागा, भंगारवाले
मारोतराव पराते, शिक्षक, शेजारी

उद्या: दुकानाची दुसरी चावी करून आणणे.