तेविसाव्या नंबरचा गोल्फर

३ मार्च, सकाळी.
आजपासून इंटरनेटवरच्या ज्ञानकोशाला दिवसाला फक्त एक तास. बाकी वेळ चालणे आणि वाचन. सौ. मुलीकडे दोन महिन्यांसाठी गेली, त्या दोन महिन्यांचा आता आठवा महिना चालू आहे. तिच्या माघारी माझं उत्तम चाललंय.

सायंकाळी.
सात तास झाले. इलाज नव्हता. ज्ञानकोशात एका गोल्फरचं पान सापडलं. अकरा वर्षं प्रोफेशनल, जिंकलं काहीच नाही, मोठ्यात मोठा पराक्रम म्हणजे तेविसावा नंबर. असले लोक आत घ्यायचे तर आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने काय पाप केलंय? 'पान काढून टाकावे' असा प्रस्ताव टाकला. सात दिवस चर्चा चालते. लोक तुटून पडतील.

४ मार्च.
कोणी तुटून पडलं नाही. रविवार असेल.
कॅलेंडर पाहिलं. मंगळवार आहे.

५ मार्च.
एक विरोधक आला. टोपणनाव 'गवत्या'. म्हणतो, तेविसाव्याच्या मागेही शंभर जण होतेच ना. बालिश. चौदा मुद्द्यांत चिरफाड केली. उत्तर आलं का हे बघायला पान अधूनमधून उघडलं, इतकंच.
मुलीचा फोन. म्हटलं, एक महत्त्वाचा निवाडा माझ्याकडे आलाय. तिने जेवलात का विचारलं.

७ मार्च.
न्यायाधीशाने जागेवर जाऊन पाहणी करावी. गोल्फर आमच्याच गावाबाहेरच्या मैदानावर शिकवतो, पानावरच लिहिलंय. शिकायला आलोय अशी थाप मारली. साठीचा, रापलेला, एका पायाने किंचित लंगडणारा माणूस. क्लब कसा धरायचा ते दाखवायला त्याने माझं मनगट दोन्ही हातांत घेतलं. याआधी डॉक्टरने धरलं होतं, जानेवारीत.
माझा बॉल जागेवरच राहिला, गवत लांब गेलं. दोष क्लबचा.
मग चहा पिताना त्याने फोनवर स्वतःचं पान दाखवलं. वर लाल चौकटीत माझाच प्रस्ताव. त्याला ती जाहिरात वाटते. पान रोज किती जण बघतात तेही तिथे कळतं. म्हणाला, "वर्षभर कुत्रं फिरकत नव्हतं, साहेब. या आठवड्यात दिवसाला चाळीस-चाळीस जण. कोणाला तरी आठवलो म्हणायचं."
चाळीस. त्यातला एक गवत्या असेल. बाकीचे एकोणचाळीस माझ्याच घरातले.

८ मार्च.
प्रस्ताव मागे घेणार. पक्कं. फक्त 'माघार' हा शब्द न वापरता माघार घ्यायची आहे. मसुदा तीनदा लिहिला.

९ मार्च.
मसुदा जवळपास तयार. एका स्वल्पविरामाचा प्रश्न आहे. उद्या टाकतो.

१० मार्च, दुपारी.
गवत्याने मत बदललं. लिहितो, 'तुमचे चौदा मुद्दे पुन्हा वाचले. पटले.'
कोणाला माझं काही पटल्याची आयुष्यातली ही पहिलीच वेळ. तासभर नुसता त्या ओळीकडे बघत बसलो. तेवढ्यात ज्ञानकोशाच्या व्यवस्थापकाने चर्चा बंद केली. एकमताने. पान गेलं.

१२ मार्च.
सगळं कबूल करायचं ठरवून मैदानावर गेलो. बसमध्ये भाषणाचे चार मुद्दे काढले. गोल्फर फोनशी झटत बसला होता. पान दिसत नाही, नेट गंडलंय म्हणाला. मी सांगितलं, पान काढून टाकलंय. कोणी, ते तिसऱ्या मुद्द्यात होतं. तिथवर पोचलो नाही.
त्याने फोन खिशात ठेवला.
"मग ती चाळीस माणसं?" त्याने विचारलं. "ती आता काय करणार?"
मी म्हणालो, घरीच असतील.