कॉम्प्युटर अजून हळूच आहे

प्रिय ताई,

परवा फोनवर तू विचारलंस, बाबांचा कॉम्प्युटर झाला का नीट, आणि मी नुसतं होईल, होईल करत राहिलो. तुला राग आला असणार. पण बाबा शेजारीच बसले होते, आणि ते समोर असले की माझी जीभ रेटत नाही. मेल करावा तर घरचा मेल बाबाही उघडतात, आणि दुकानात आमचे मालक खांद्यावरून वाचतात. म्हणून हे पत्र. तू नवा कॉम्प्युटर पाठवते म्हणालीस, तो मागवण्याआधी हे शेवटपर्यंत वाच. आधी कच्चं लिहून मग पक्कं केलंय, त्यामुळे काही सुटलं नसावं.

सगळं त्या अपडेटपासून सुरू झालं. बाबांनी सकाळी मशीन लावलं तर ते स्वतःच अपडेट होत बसलं, आणि त्यानंतर त्याने मान टाकली. बटण दाबून बाबा चहा करायला जायचे, चहा पिऊन कप विसळून यायचे, तरी पडद्यावर ते गोल चक्र फिरतच असायचं. बाबा म्हणाले, हे माझ्याआधी रिटायर झालं बघ. मला हसू आलं नाही. वेल्डरकाकांच्या वर्कशॉपच्या जिन्यांचे नकाशे अजून बाबाच कॉम्प्युटरवर काढून देतात हे तुला माहीत आहे. नोकरी संपली, आई गेली, आता तेवढा एक टेबलाचा कोपरा राहिलाय जिथे बाबा सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसतात. तो कोपरा गेला तर ते दिवसभर कुठे बसतील, हाच विचार मला खात होता.

मी आपल्या पद्धतीने क्रमाने गेलो. मशीन सुरू होताना आपोआप उघडणारे नको ते प्रोग्राम बंद केले. साचलेल्या फायली काढल्या. अपडेटने पडद्याचा ड्रायव्हर बदलला होता, तो काढून जुना बसवला. व्हायरस शोधणारा प्रोग्राम दिवसभर डिस्क उकरत बसायचा, त्याला दुपारच्या जेवणाची वेळ नेमून दिली. थोडा फरक पडला, पण डिस्कच जुनी, तिला नव्या अपडेटचं ओझं झेपत नव्हतं. दुकानात मी हे रोज दहा जणांना समजावतो. घरच्या मशीनपाशी मात्र प्रत्येक बटण मी दोनदा विचार करून दाबायचो. बाबांचे सगळे जिने त्यात आहेत. मी त्यांच्या दोन प्रती काढल्या, मग प्रती उघडतात का ते तपासलं, आणि मग पुन्हा एकदा तपासलं. बाबा म्हणाले, अरे, तू दुरुस्ती करतोयस की पहारा देतोयस.

याच दिवसांत वेल्डरकाका घरी आले. नेहमी खालूनच हाक मारतात, त्या दिवशी वर आले आणि चप्पल काढून बसले, तेव्हाच मला काहीतरी खटकलं. बाबांच्या नकाशावरून एका घरी जिना बसवला होता, तो वरच्या मजल्याला कमी पडला. शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा दोन बोटं उंच राहिली. घरातली म्हातारी तिथे अडखळली; कठडा हातात आला म्हणून वाचली. काका हसत बाबांना म्हणाले, मास्तर, गिऱ्हाइकाला एकदम वरच पोचवायचा बेत होता की काय. हसले, पण बाबांकडे न बघता. बाबांनी लगेच कॉम्प्युटरकडे बोट दाखवून म्हटलं, त्या अपडेटने आकडे फिरवलेत, हा म्हणतोय ना हळू झालाय, त्यातलाच प्रकार. काका माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, हो, असू शकतं, तपासतो.

आणि मी तपासलं, ताई. तसं नाही होत. अपडेट मशीन हळू करेल, बंद पाडेल, पण मजल्याची उंची बदलणार नाही. तो आकडा मशीनने काढलेलाच नव्हता, हाताने भरलेला होता. त्याच्या आधीच्या गिऱ्हाइकाच्या घराची उंची होती ती. मी फाईल बंद केली आणि कोणालाच काही बोललो नाही. म्हटलं, एखाद्या वेळी होतं असं माणसाचं.

तुला आठवतं का, आपण लहान असताना बाबा आपल्याला घराच्या जिन्यावर डोळे मिटून चढायला लावायचे? आई खालून ओरडायची, पोरांचे दात पाडाल. बाबा म्हणायचे, पाय पहिल्या दोन पायऱ्यांत उंची शिकतो, पुढे तो बघत नाही, विश्वासाने पडतो. जिना काढणाऱ्याने तो विश्वास मोडायचा नाही. तू भराभर चढून जायचीस. मी एका हाताने भिंत धरायचो आणि डोळे किलकिले करून बघायचो, आणि बाबांना ते कळायचं, पण ते कधी बोलले नाहीत. बाबा स्वतः तर हातात पिशव्या घेऊन, मागे वळून आईशी बोलत बोलत उतरायचे. एकदाही खाली बघितल्याचं मला आठवत नाही.

शेवटी मी डिस्कच बदलली. नवी घातली, मेमरी वाढवली. मशीन असं झालं की बटण दाबलं की पडदा हजर. मला वाटलं, आता बाबा पाठीवर थाप मारतील. ते खुर्चीत बसले, चष्मा पुसला, नकाशा उघडला. मी मागे स्टुलावर बसून बघत होतो. त्यांनी माउसवर हात ठेवला आणि थांबले. पडद्यावरचा बाणही थांबला. कुठलंच चक्र फिरत नव्हतं. सगळं तयार होतं आणि काहीच घडत नव्हतं. बऱ्याच वेळाने बाबा म्हणाले, बघ, अडकलं. अजून हळूच आहे तुझा कॉम्प्युटर. कॉम्प्युटर अडकला नव्हता, ताई. तो बाबांची वाट बघत होता. आधी तो थांबायचा तेव्हा बाबाही त्याच्यासोबत थांबायचे, आणि त्या थांबण्यात पुढे काय करायचं ते त्यांना हळूहळू आठवत असायचं. कोण कोणासाठी थांबलंय ते कळायला मार्गच नव्हता. मी मशीन पळवलं आणि बाबांना उघडं पाडलं.

चार-पाच दिवस ते टेबलापाशी गेलेच नाहीत. इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि खिडकीत उभे राहायचे. मग मी नवी डिस्क काढली आणि जुनी परत बसवली. मालकांनी विचारलं, लोक पैसे देऊन मशीन पळवून घेतात, तू उलटी गंगा का वाहवतोयस? मी सांगितलं, नवी डिस्क त्या मशीनला मानवली नाही. बाबा पुन्हा बसायला लागले. चक्र फिरायला लागलं की मागे रेलून बसतात, चहाचा घोट घेतात आणि म्हणतात, आता कसं, आपलं वाटतं. त्यांचा प्रत्येक जिना आता मी दुकानात नेऊन आकडा न् आकडा पडताळतो आणि मगच वर्कशॉपला पाठवतो. वेल्डरकाकांना मी काहीच सांगितलेलं नाही, पण परवा ते म्हणाले, तुझ्या हाताखालून येऊ दे रे, मला बरं पडतं. म्हणजे त्यांना कळलंय. पण मी दहावीत शाळा सोडलेला माणूस. जिन्याचे आकडे मी जुळवीन, यापुढचं मला झेपत नाही.

तू म्हणतेस ना, व्हिडिओवर बाबा बोलता बोलता मध्येच अडकतात, इंटरनेट बघ म्हणून? मी बघितलं. इंटरनेट चांगलं चालतंय. मागच्या रविवारी तू म्हणालीस, बाबा, तुमचं चित्र थांबलंय, आणि फोन ठेवलास. तेव्हा मी दारातच उभा होतो. चित्र थांबलं नव्हतं, ताई. बाबांच्या मागे भिंतीवरचा पंखा फिरत होता. तुझ्या लक्षात आलं नसेल. तू फोन ठेवल्यावरही ते पडद्याकडे बघत होते. मग माझ्याकडे न वळता म्हणाले, तिला सांग कॉम्प्युटर हळू आहे. दुसरं काही सांगू नकोस, ती तिकडे एकटी आहे. म्हणजे त्यांनाही माहीत आहे. मी मान डोलावली होती, आणि आज तो शब्द मोडून तुला लिहितोय. डॉक्टरांचं नाव काढलं की ते म्हणतात, आधी हे मशीन नीट कर, मग बघू. माझं ते ऐकणार नाहीत. तुझं ऐकतील, पण फोनवरून नाही, तुला हाताला धरूनच न्यावं लागेल. म्हणून नवा कॉम्प्युटर पाठवू नकोस. तू ये. आणि येशील तेव्हा खालून हाक मारून दारातच थांब, घाई करू नकोस. दार उघडायला बाबाच खाली येणार, मला येऊ देणार नाहीत. त्यांना जरा वेळ लागेल. ते आता प्रत्येक पायरी बघून उतरतात.

तुझी वाट बघणारा, तुझाच
बारक्या